कपावरच्या बिस्किटाचा फोटो

शोभे, काल तुझ्या तेरवीलाही तूच पहिली आलीस.

ड्रॉईंगच्या सरांनी तुझे सगळे फोटो मोठे करून आणले होते. बोरगावच्या तुझ्या अंगणात मांडवाच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत सुतळी बांधली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी एकेक फोटो टांगला. जेवायला आलेली माणसं आधी त्या सुतळीखालून फिरत होती, मग पंगतीला बसत होती. तुझी शेजारीण ‘झाडू’च्या फोटोसमोर उभी राहून डोळ्यांना पदर लावून राहिली होती. आणि मी, तुझी शाळेपासूनची मैत्रीण, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून मनात काय म्हणत होते, सांगू? मी म्हणत होते, माझ्या तेरवीला असलं काही होणार नाही. फार तर आधारकार्डावरचा फोटो मोठा करतील आणि हार घालतील.

लाज वाटते लिहायला. पण तुझ्यापासून आधीच एक गोष्ट लपवून बसले आहे, त्यात आणखी भर नको.

हे सगळं खूळ सरांचं. रिटायर झाल्यावर त्यांना घरात करमेना, म्हणून पांढुर्णा-सौसरच्या ओळखीपाळखीच्या लोकांचा मोबाईलवर ग्रुप काढला, ‘महिन्याचा फोटो’. एक तारखेला सर विषय द्यायचे. सूर्यास्त चालणार नाही, देऊळ चालणार नाही, लग्न चालणार नाही आणि नातू तर मुळीच चालणार नाही. घरातलं, गल्लीतलं, रोजचं काहीतरी पाहिजे. पंचवीस तारखेपर्यंत एकेकानं एकच फोटो सरांना पाठवायचा. सर त्यावर नाव न लिहिता नुसते नंबर टाकायचे आणि ग्रुपवर लावायचे, मग सगळ्यांनी मत द्यायचं. बक्षीस एवढंच, की जिंकलेला फोटो मोठा करून, खाली नाव लिहून, सरांच्या भावाच्या स्टेशनरीच्या दुकानात काचेला महिनाभर लागायचा. ते दुकान माझ्या शाळेच्या वाटेवर. म्हणजे तुझं नाव मी शाळेत जाताना एकदा वाचायचे आणि येताना एकदा.

आणि तुला त्या ग्रुपात घेतलं कोणी? मीच! तुझी लेक पल्लवी नोकरीला बैतूलला गेली तेव्हा तू फोनवर म्हणालीस, “घर खायले उठते व विजू.” मला दया आली. बिचारी बगिचा आणि चुलीच्या बाहेर कधी पडली नाही, म्हटलं, येऊ दे, चार फोटो पाहील, मन रमेल. खरं सांगू का, मला वाटलं होतं तू माझे फोटो पाहशील आणि ‘वा, मास्तरीणबाई’ म्हणशील. माझ्याजवळ लेकानं आणलेला चांगला मोबाईल होता, मी बी.एड. झालेली, सरांशी उजेडाबिजेडाबद्दल बोलणारी. तुझ्या मोबाईलची काच कोपऱ्यातून तडकलेली. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात, ते हेच.

पहिला विषय ‘झाडू’. मी नवा कोरा झाडू आणला, भिंतीला टेकवला, शेजारी झेंडूची दोन फुलं ठेवली आणि पाऊण तास फोटो काढत बसले. तू काय केलंस? सकाळी झाडून झालेल्या अंगणाचा फोटो काढलास. ओल्या मातीत झाडूच्या काड्यांच्या रेघा, आणि त्या रेघांवरून एक कोंबडी चालून गेलेली. कोंबडीही नाही, नुसते तिचे पाय. तुला सोळा मतं आणि मला तीन. त्यातलं एक माझं स्वतःचं होतं.

मग आला ‘हात’. तुझा फोटो आठवतो? फ्रिजच्या दांडीवर कणकेची चार बोटं उमटलेली, बास. मी चिडले. ग्रुपवर नाही, तुला फोन करून चिडले. “हात कुठं आहे त्यात?” म्हटलं.

“हातच तं आहे,” तू म्हणालीस.

“बोटांचे डाग आहेत. हात नाही. विषय हात आहे.”

“अव, हात पोया लाटून राहिला, तो कुठून येईन फोटोत?”

आणि हसलीस. तो वाद आपला तसाच राहिला बघ. जे फोटोत नाही, ते फोटोचा विषय कसं होईल, हे मला अजूनही पटलेलं नाही. सरांनी तुझ्या बाजूनं कौल दिला म्हणून मी गप्प बसले, पटलं म्हणून नाही. भांडायला आता तू नाहीस, त्यामुळे त्या वादात मीच बरोबर होते असं मी धरून चालणार आहे.

तुला वाटत असेल की मी फोटोंवरून जळत होते. फोटोंवरून नाही गं. सौसरच्या शाळेत तू माझ्या शेजारी बसायचीस तेव्हापासून जळत होते. तुझं अक्षर, तुझी रांगोळी, तुझे गणिताचे पेपर. मग तुझं लग्न लागलं, पुस्तकं सुटली, मी शिकत गेले, मास्तरीण झाले, आणि मला वाटलं की चला, हे प्रकरण मिटलं. पंचवीस-तीस वर्षं मी आरामात होते. तू मला ‘मास्तरीणबाई’ म्हणायचीस आणि मला ते फार आवडायचं. पन्नाशी उलटल्यावर तू पुन्हा उभी राहिलीस, तेही तडकलेल्या काचेचा मोबाईल घेऊन.

जानेवारीत तर तू माझी पार शोभा केलीस. विषय होता ‘पाणी’. मी ठरवलं, आता शोभेच्याच पद्धतीनं जायचं, पाणी दाखवायचंच नाही. सौसरला बसनं जात होते. रस्त्याकडेला संत्र्याचा एक बगिचा दिसला, पानं मान टाकलेली, सुरळ्या झालेली, जमिनीला भेगा. मी हट्टानं बस थांबवायला लावली, उतरले, बांधावर बसून फोटो काढला. खाली लिहिलं, ‘पाण्यावाचून’. मन भरून आलं होतं माझं, खोटं नाही सांगत. या वेळी तू नक्की हरणार याचा आनंद त्यात होता, हेही खोटं नाही.

फोटो ग्रुपवर लागल्याबरोबर तुझा मेसेज. “मास्तरीणबाई, हा नंबर सात तुमचाच दिसते. त्या बगिच्याले तान देला आहे बापा! आम्हीच पाणी तोडतो, मंग फूल येते. पुढच्या महिन्यात या, फुलाच्या वासानं डोकं दुखन. अन् तो बगिचा आमच्या भासऱ्याचा आहे.”

सारा ग्रुप हसत सुटला. तुझ्या थोरल्या दिराचा बगिचा, आणि संत्र्याच्या गावात राहून मास्तरणीला तान कळत नाही! दुसऱ्या दिवशी शाळेत सातवीची पोरगी विचारते, “मॅडम, तुम्ही झाडाले पाहून रडल्या म्हणे?” तू संध्याकाळी फोन केलास, “राग आला काय व?” मी म्हटलं, “छे, राग कशाचा?” आणि फोन ठेवून चहाचा कप इतक्या जोरात आपटला की कान तुटला.

एवढ्या महिन्यांत तू माझ्या एकाही फोटोला चांगलं म्हटलं नाहीस, हे तुला माहीत होतं का? एकदाही नाही. वाईटही म्हटलं नाहीस. “पाह्यला,” म्हणायचीस. मी सरांच्या कौतुकासाठी झुरत नव्हते, दुकानाच्या काचेसाठीही नाही. मला एकदा तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, की विजू, हे जमलं तुले. बस, एवढंच हवं होतं. एवढ्यासाठी जे केलं, ते आता सांगते.

फेब्रुवारी. विषय ‘वाट पाहणं’. तुझा मोबाईल फवारणीच्या ड्रमात पडला होता आणि पांढुर्ण्याला दुरुस्तीला होता. पल्लवी बैतूलहून येणार म्हणून तू तिला घ्यायला आलीस, आणि आपण दोघी पांढुर्ण्याच्या स्टेशनवर बसलो. आमल्याकडून येणारी गाडी अलीकडच्या तिगावला उभी करून ठेवली होती. मी म्हटलं, झकास, वाट पाहणारी माणसं आयतीच मिळाली. उठून फिरले. घड्याळ काढलं, सिग्नल काढला, पेंगणारी बाई काढली, रुळाकडे वाकून बघणारी माणसं काढली. दहा फोटो झाले. तू बाकावर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होतीस.

मग म्हणालीस, “दे बरं इकडं तुया मोबाईल.”

आपल्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारेबुवा बसले होते. त्यांनी दोन चहा घेतले होते. एक पिऊन टाकला होता. दुसऱ्या कागदी कपावर एक बिस्कीट झाकण म्हणून ठेवलं होतं, माशी पडू नये म्हणून, आणि बिस्कीट उडू नये म्हणून त्यावर एक बोट. गाडीत त्यांची बायको होती हे आपल्याला नंतर कळलं. तू बसल्या जागेवरून वाकलीस, एकदा बटण दाबलंस, आणि मोबाईल परत माझ्या मांडीवर टाकलास. “हा माहा. माहा मोबाईल तं काही येत नाही पंचवीसपर्यंत. तूच पाठवून देजो सरले.” आणि पुन्हा शेंगा.

मी तो फोटो तेव्हा पाहिलाच नाही. पंचवीस तारखेला दुपारी शाळेच्या स्टाफरूममध्ये पाहिला. माझे दहा फोटो आधी पाहिले, मग तुझा. नुसता कप, बिस्कीट आणि सुरकुतलेलं बोट. गाडी नाही, रूळ नाही, तोंड नाही. वाटलं, ही बाई शेंगा सोलता सोलता हे कसं करते? मी तिथंच होते ना. तोच बाक, तेच म्हातारेबुवा. मी त्यांच्यासमोरून तीन वेळा गेले होते.

तरी माझी नियत तेव्हा साफ होती, देवाशपथ. मी सरांना तुझा फोटो आधी पाठवला. खाली लिहायला घेतलं, ‘सर, हा शोभाचा’. एवढ्यात सरांचं उत्तर येऊन थडकलं. “वा विजयाताई! आता आला तुमचा खरा फोटो. मी किती महिने याची वाट पाहून राहिलो होतो!”

लिहिलेलं तसंच होतं. पाठवायचं बटण तेवढं दाबायचं होतं. मी ते एकेक अक्षर करून पुसलं. मग लिहिलं, “धन्यवाद सर.” थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, शोभाताईचा आला नाही? मी लिहिलं, तिचा मोबाईल दुरुस्तीला आहे. त्यात खोटं काहीच नव्हतं. चोरी अशीही करता येते, एकही खोटा शब्द न बोलता.

मतं द्यायच्या दिवसापर्यंत तुझा मोबाईल परत आला होता. नंबर पाच. सगळी मतं पाचला. तुझंही पाचला. सरांनी माझं नाव जाहीर केलं आणि ग्रुपवर फुलांची, टाळ्यांची रांग लागली. तू लिहिलंस, “पाह्यला.” एवढंच. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या काचेत तुझा फोटो आणि खाली माझं नाव. त्या महिन्यात मी शाळेत जाताना मागच्या गल्लीनं जायचे, शोभे. ज्या काचेसाठी इतकी जळले, तिच्याकडे मला बघता येईना.

तू भांडायला येशील म्हणून मी थांबले. तू येऊन मला चार शिव्या द्याव्यास, मी रडावं, तू हसावंस, असं सगळं मी मनात लावून ठेवलं होतं. सौसरच्या लग्नात आपण भेटलो. तू कैरीच्या लोणच्याबद्दल बोललीस. भाऊजींच्या गुडघ्याबद्दल बोललीस. जाताना माझ्या पदराला लागलेला भात झटकलास. नंतर एकदा फोनवर बोलता बोलता मध्येच विचारलंस, “तुले काही सांगायचं आहे काय विजू?”

मी म्हटलं, “नाही. काय सांगायचं?”

“बरं. ठेव मंग.”

आणि आता तूच नाहीस. त्या दिवशी सकाळी भाऊजींचा फोन आला तेव्हा मी दप्तरात वह्या भरत होते. ते बोलत होते आणि मला काही कळत नव्हतं. पण एक गोष्ट कळली, ती कोणालाच सांगितलेली नाही. रडू फुटायच्या आधी, एका श्वासापुरतं, मला सुटल्यासारखं वाटलं. आता कोणी विचारणार नाही, असं. तू गेलीस याचं दुःख मी करणारच होते, पण त्याच्या आधी ते येऊन गेलं, आणि ते आलं नव्हतं असं मी कधीच म्हणू शकणार नाही.

तू मला काय दिलंस, तेही सांगून टाकते, नाहीतर तू म्हणशील की आली आणि नुसती कुरकुरली. तुझ्यामुळे मी चालता चालता थांबायला लागले. परवा वर्गात एका पोरानं खोडरबरला कंपासचं टोक टोचून टोचून त्याची चाळण केली होती. पूर्वी मी त्याला बाकावर उभं केलं असतं. मी बघत बसले. पोरगं घाबरून म्हणे, “मॅडम, मारता तं मारून टाका.” घरात तर मी फ्रिजची दांडी पुसेनाशी झाले आहे. हे सगळं तुझं आहे, आणि त्याचाही मला राग येतो. माझं म्हणून काही बघावं, तर आधी तू तिथं बसलेली असतेस.

काल निघायच्या आधी मी दुकानात गेले. तो फोटो काचेतून केव्हाच उतरला होता, सरांच्या भावानं कपाटामागे ठेवला होता. मागून घेतला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बोरगावला आले. ठरवलं होतं की सर्वांसमोर सांगायचं. सर म्हणालेच, “विजयाताई, तुम्ही जवळच्या. दोन शब्द बोला.” उभी राहिले. तुझ्या फोटोंच्या त्या सुतळीकडे पाहिलं. “शोभा फार चांगली होती,” म्हटलं आणि खाली बसले. तुझ्यासारख्या बाईवर माझ्यासारख्या मास्तरणीनं बोललेलं हे एकच वाक्य.

मग पल्लवीला शोधत मागच्या अंगणात गेले. ती जेवणाचे मोठाले गंज, पातेली घासायला टाकत होती. मी तिच्यासमोर कागद सोडला, फोटो ठेवला आणि सगळं सांगितलं. स्टेशन, शेंगा, सरांचं उत्तर, पुसलेली अक्षरं. सगळं. “हा तुझ्या आईचा आहे,” म्हटलं. “मी लाटला. त्या सुतळीवर लाव आणि सगळ्यांना सांग.”

पोरीनं हात धुतले, ओढणीला पुसले. फोटोकडे पाहिलं. म्हणाली, “मावशी, मले माहीत आहे. आईनं पाह्यल्याबरोबर वळखला. मी म्हटलं, आत्ताच सरले फोन लावतो. तं म्हणे, खबरदार.”

“चिडली होती का गं?”

“चिडली नाई तं काय! दोन दिवस चोट्टी-चोट्टी करून राहिली होती. स्वयंपाक करता करता चोट्टी, भांडे घासता घासता चोट्टी. बाबा म्हणे, आता पुरे कर व.”

मला बरं वाटलं. खरंच सांगते, त्या ‘चोट्टी’नं मला इतकं बरं वाटलं, की मी तिथंच पायरीवर बसले. म्हटलं, चला, निदान दोन दिवस तरी तू माझ्यावर जळलीस.

पण पल्लवीचं बोलणं संपलं नव्हतं. “तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता एकदम हासली. म्हणे, पाह्य पल्लवी, तिच्या मोबाईलात अकरा फोटो होते. दहा तिचे, एक माहा. दुसऱ्या कोणाच्या हातात देले असते तं तो कपाचा पुसूनच टाकला असता. इनं बरोब्बर तोच उचलला. म्हणे, चांगलं कोणतं, हे साऱ्या ग्रुपात एका विजूलेच समजते, सरलेही नाई समजत.”

मी त्या पोरीच्या गळ्यात पडून रडले, शोभे. तिला वाटलं, आईसाठी रडते. आईसाठीच, पण पूर्ण आईसाठी नाही. हेच, एवढंच, तू माझ्या तोंडावर एकदा म्हणायचं होतंस गं. एकदा म्हटलं असतंस, तर मला चोरावं लागलं नसतं.